बॉल नसलेला फुटबॉल

सुलभा वहिनींनी तीन वर्षं अमेरिकन फुटबॉल पाहिला, पण त्या खेळात बॉल असतो याकडे त्यांचं फारसं लक्ष गेलं नव्हतं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. चेष्टा मी त्यांच्या तोंडावर भरपूर केली आहे, ती वेगळी.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात आमची घरं पाठीला पाठ लावून होती. त्यांचे यजमान मोहन आणि मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एकाच कंपनीत होतो आणि सकाळी एकाच गाडीनं ऑफिसला जायचो. वहिनी २००१ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांच्या सिद्धेशला घेऊन आल्या. त्याआधी बारा वर्षं त्या मिरजेच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा इथे नोकरी करता येत नसे, त्यामुळे बारा वर्षं रोज चाळीस-पन्नास माणसांना ताठ उभं करणारी बाई एकदम घरी बसली. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केल्याचं मी ऐकलं नाही. फक्त बघायची सवय तेवढी गेली नव्हती. त्यांच्याशी बोलताना वाटायचं, ह्या आपल्याकडे बघतच नाहीयेत, आपल्या आतल्या कुठल्या तरी हाडाकडे बघताहेत.

पहिल्या हिवाळ्यात त्या स्वयंपाकघराच्या काचेच्या दाराशी उभ्या राहून बर्फ बघायच्या. माझ्या खिडकीतून त्या दिसायच्या. हातात चहाचा कप, तोही गार झालेला. एकदा मी विचारलं, एवढं काय बघता, तर म्हणाल्या, आवाज न करता एवढं सगळं पडतं याची मला अजून सवय होत नाही.

सिद्धेश नववीत गेला आणि शाळेच्या फुटबॉल टीममध्ये नाव घालून आला. आमच्या इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना धक्का बसला. आमची पोरं टेनिस खेळायची, बुद्धिबळ खेळायची, शब्दांची स्पेलिंगं पाठ करायची. डोक्याला हेल्मेट बांधून दुसऱ्याच्या अंगावर धावून जाणारं हे पहिलंच. पोरगं रुंद खांद्यांचं, मांड्या भरलेल्या, पळण्यात मात्र बेताचं. कोचनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, चौतीस नंबरचा शर्ट दिला आणि फुलबॅक केलं.

फुलबॅक म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हा फुटबॉल पायानं खेळायचा नाही. लांबट बॉल काखेत धरून पळायचं आणि समोरच्यांनी त्या पळणाऱ्याला पाडायचं. पळणारा मागे उभा असतो आणि त्याच्या पुढे दोन-तीन पावलांवर आणखी एक जण वाकून उभा असतो. खेळ सुरू झाला की हा पुढचा आधी धावतो, माणसांच्या भिंतीत जी फट पडेल तिच्यात घुसतो आणि तिथे टपून बसलेल्याला अंगावर घेतो. तेवढ्यात मागचा बॉल घेऊन त्याच्या बाजूनं निघून जातो. तो पुढचा म्हणजे फुलबॅक. टाळ्या मागच्याला. लग्नात नवरीला गर्दीतून बोहल्यापर्यंत नेणाऱ्या मामासारखं त्याचं असतं. फोटोत येतो, पण खांद्यापुरता.

मी स्वतः या खेळाचा जुना भक्त. शिकायला आलो तेव्हापासून दर शनिवारी टीव्हीला चिकटलेला, आणि घरात बसून कोचना सल्ले देणारा. मी सिद्धेशला स्पष्ट सांगितलं होतं की फुलबॅक ही मरायला टेकलेली जागा आहे, दुसरं काहीतरी माग. तो म्हणाला, "इट्स ओके, काका. आय लाइक इट." विषय संपला.

वहिनींकडे एक हँडीकॅम होता. मिरजेला त्यांच्या वडिलांनी, राजाराम आजोबांनी, फोनवर एकच गोष्ट मागितली होती: मला पोरगं बघायचंय, खेळ कळला नाही तरी चालेल. त्याप्रमाणे वहिनी प्रत्येक मॅचला गेल्या, ॲल्युमिनियमच्या बाकांच्या सगळ्यात वरच्या ओळीत तिपाईवर कॅमेरा लावला आणि मॅचभर फक्त सिद्धेशचं शूटिंग केलं. मुंजीत बटूचं करतात तसं. बॉल डावीकडे गेला, उजवीकडे गेला, सगळं गाव उभं राहून ओरडायला लागलं, तरी कॅमेरा चौतीस नंबरवरून हलायचा नाही. टेप भरली की त्या सीडी करून मिरजेला पाठवायच्या.

ही चूक आपल्याच माणसांनी करावी. इथले आईबापही शूटिंग करतात, पण ते बॉलच्या मागे असतात. मुलगा त्यात आला तर आला. मी वहिनींना तसं सांगूनही पाहिलं. त्या म्हणाल्या, ज्याचा एक्स-रे काढायचा त्यालाच प्लेटसमोर उभं करतात ना, भावजी?

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळ झाल्यावर, मंडळाच्या मुलांचं कौतुक म्हणून ती टेप दाखवायची टूम मीच काढली. मोठ्या पडद्यावर वीस मिनिटं एक मुलगा वाकतो, धावतो, कुणावर तरी आदळतो, पडतो, उठतो. पुन्हा वाकतो. पाचव्या मिनिटाला मागून कुणीतरी विचारलं, बॉल कुठाय यार? दहाव्या मिनिटाला मंडळातल्या दिगंबरनं कॅमेरामनला बॉलची ॲलर्जी असल्याचं जाहीर केलं आणि हॉल हसून लोटपोट झाला. मोहन चकलीच्या ताटाकडे बघत बसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. वहिनी मात्र गोंधळून माझ्याकडे वळल्या. लोक का हसताहेत, तो तर सगळा दिसतोय, असं त्यांनी मला विचारलं.

त्याच हिवाळ्यात त्यांची सीडी अडकली म्हणून मी त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलो. दुरुस्ती दोन मिनिटांची होती. पण टेप सुरू होती, वहिनींनी आवाज बंद ठेवला होता आणि मी गालिच्यावर बसून राहिलो. वरच्या छोट्या खिडकीवर बर्फ साचून निळसर उजेड आत येत होता.

पडद्यावर हिरवं मैदान होतं आणि दिव्यांच्या झोतात तरंगणारं धुकं. चौतीस नंबर वाकलेला. त्याच्या तोंडातून वाफ निघतेय. तो धावत निघतो, घाई न करता. आणि समोरून कुणीतरी फ्रेममध्ये येतं, जणू ते दोघं भेटायचं ठरवूनच आलेत. खांद्याला खांदा लागतो. दोघंही हळूच खाली जातात. मागून, पडद्याच्या अगदी कडेला, कुणाचे तरी पाय पळत निघून जातात, आणि मग फ्रेममध्ये काहीच घडत नाही. सिद्धेश उताणा पडून क्षणभर आकाशाकडे बघतो. मेपलचं एक पान वाऱ्यावर येऊन त्याच्या छातीवर बसतं. मग तो उठतो, ज्याला पाडलं त्याला हात देऊन उठवतो आणि चालत परत येतो. पुन्हा वाकतो.

असं किती वेळ चाललं मला कळलं नाही. चाळीस वेळा, पन्नास वेळा. बॉल नव्हता, गुण नव्हते, कोण जिंकतंय तेही दिसत नव्हतं. लहानपणी दुपारी झोप लागता लागता दूरवर कुणीतरी धुणं आपटत असतं आणि तो आवाज आपल्याला खाली खाली नेतो, तसं मला व्हायला लागलं. वहिनी शेजारी खुर्चीत बसून गवार मोडत होत्या. त्यांनी पडद्याकडे बघत, जवळजवळ स्वतःशीच, सांगितलं की हा खेळ असाच असतो असं त्यांना वाटायचं: एकानं जाऊन जागा करायची, की झालं. पुढे कोण कुठे गेलं याच्याशी आपल्याला काय करायचंय? मी त्यांना खेळ समजावून सांगणार होतो. पण नाही सांगितला. मला तिथून उठवत नव्हतं.

२००८ च्या मार्चमध्ये शाळेत नवा कोच आला. त्यानं पालकांना कॅफेटेरियात बोलावलं आणि फळ्यावर खेळाडूंची वर्तुळं काढून नवी मांडणी दाखवली. सगळे खेळाडू मैदानभर पांगलेले, फेकाफेकी जास्त, पळणारा एकटाच. तेव्हा सगळीकडे हीच हवा होती. जवळच्या ॲन आर्बरच्या विद्यापीठाच्या टीमनंही त्याच वर्षी जुनी पद्धत सोडली होती. वहिनी फळ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी मला हळू आवाजात विचारलं की मधलं वर्तुळ कुठे गेलं. मी सांगितलं, गेलं. आता फुलबॅक नाही. सिद्धेशचं शेवटचं वर्ष होतं. दुसऱ्या कुठल्या जागेसाठी तो पुरेसा उंच नव्हता आणि पुरेसा चपळही नव्हता. थोडक्यात, घरी बसायचं.

मोहनला हे बरंच वाटलं. ऑफिसात माणसं कमी करायला सुरुवात झाली होती, आमच्या रस्त्यावर दोन घरांपुढे विक्रीच्या पाट्या लागल्या होत्या, आणि मुलानं अभ्यास करून स्कॉलरशिप मिळवावी असं त्याचं म्हणणं. चार दिवसांनी वहिनी माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात बुटांचा खोका, खोक्यात सव्वीस टेपा. कोचला भेटायचंय, म्हणाल्या, आणि इंग्रजी अडलं तर तुम्ही हवेत.

मला जायचं नव्हतं. इथे मुलाच्या जागेसाठी आई कोचकडे गेली तर मुलाला शाळेत तोंड दाखवायला जागा राहत नाही, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलंही. पण वहिनी कोट घालून आल्या होत्या.

कोच पन्नाशीचा, जाड मानेचा, बोलायला बरा माणूस. वहिनींनी खोका त्याच्या टेबलावर ठेवला आणि माझी मदत न घेता इंग्रजीत सांगितलं, सर, यात बॉल नाही, सॉरी, पण प्लीज बघा. मग कॅमेरा त्याच्या टीव्हीला स्वतःच जोडून दिला.

पहिलं मिनिटभर तो शिष्टाचार म्हणून बघत होता. मग त्यानं खुर्ची पुढे ओढली. एक तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला. पुन्हा मागे नेला. मी घड्याळाकडे बघत होतो. पंचवीस मिनिटं गेली. शेवटी तो माझ्याशी नाही, वहिनींशी बोलायला लागला. तीस वर्षं तो या खेळात होता. शाळेचं शूटिंग उंचावरून होतं, त्यात बावीस माणसं मुंग्यांएवढी दिसतात आणि फुलबॅक ढिगाऱ्यात गडप होतो. एका फुलबॅकला सलग तीन वर्षं, एकदाही नजर न हलवता, त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: हा मुलगा जो पहिला दिसेल त्याच्यावर जात नाही, त्याला सोडतो, आणि जो खरा घात करणार आहे त्याची वाट बघतो. आणि आदळताना कुठला खांदा पुढे करतो तो बघा. मागच्याला न बोलता सांगतो की तू या बाजूनं जा.

वहिनी म्हणाल्या, "हो. उजवा दुखतो तेव्हासुद्धा उजवाच लावतो."

हे त्या मराठीत म्हणाल्या होत्या. मी भाषांतर केलं. कोच हसला नाही.

आठवड्यानं त्याचा निरोप आला. पद्धत बदलणार नाही. पण जेव्हा दोन पावलांपुरतीच जागा हवी असेल, तेव्हासाठी एक चाल तो जुनी ठेवेल, फुलबॅकसकट. मुलाला बाकीचा वेळ बाकावर बसावं लागेल. बसायचं की नाही ते त्यानं ठरवावं.

सिद्धेश आईवर भयंकर चिडला. "आई, नोबडीज मॉम डझ दॅट," एवढंच म्हणून त्यानं तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी तो पहाटे उठून व्यायामाला गेला.

तो सीझन मी विसरणार नाही. दर शुक्रवारी आम्ही वरच्या ओळीत, आणि वहिनींचा कॅमेरा बाकावर रोखलेला. सिद्धेश बसलेला, हेल्मेट गुडघ्यावर. सिद्धेश पाणी पितोय. सिद्धेश इतरांना टाळ्या देतोय. दिव्यांभोवती किडे, बँडचे ढोल, बाजूच्या टपरीवरून येणारा दालचिनी घातलेल्या सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या गरम रसाचा, वास, आणि फ्रेममध्ये फक्त एक बसलेला मुलगा. कधीतरी कोच मान वळवायचा, चौतीस उठायचा, धावत आत जायचा, कुणालातरी आडवा करून परत यायचा. चार-पाच सेकंदांचं काम. सगळ्या सीझनमध्ये अशी अकरा वेळा त्याला हाक आली. त्या अकरा वेळांसाठी वहिनींनी आठ संध्याकाळी थंडी खाल्ली.

ऑक्टोबरच्या शेवटी घरच्या मैदानावरची शेवटची मॅच आली. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा त्या दिवशी मान असतो. मुलगा आईच्या हाताला धरून मैदानात येतो, आईला एक फूल देतो, आणि मग त्या आया मॅचभर खाली, मैदानाच्या कठड्याशी उभ्या राहतात. वहिनींना वर बसता येणार नव्हतं. त्यांनी कॅमेरा माझ्या हवाली केला.

"भावजी, फक्त त्याच्यावर ठेवा. दुसरीकडे बघू नका."

मी म्हटलं, मला शिकवू नका, मी तीस वर्षं हा खेळ बघतोय.

त्या आमसुली रंगाच्या साडीवर जाड कोट घालून सिद्धेशबरोबर मैदानात आल्या. इतर आयांमध्ये त्या सगळ्यात बुटक्या होत्या आणि सगळ्यात सावकाश चालत होत्या. सिद्धेश पावलं मोजून त्यांच्या चालीनं चालला.

मॅच संपत आली तरी त्याला एकदाही हाक आली नाही. मी इमानदारीनं बाकाचं शूटिंग केलं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि सहा गुण देणारी शेवटची रेषा दोन पावलांवर होती. संधी एकच, शेवटची. अख्खं मैदान उभं राहिलं. कोचनं मान वळवली.

चौतीस धावत आत आला. मी झूम केला. तो वाकला, त्याचा पाठीवरचा नंबर, मानेवरचा घाम, तोंडातली वाफ, सगळं माझ्या फ्रेममध्ये होतं. शप्पथ सांगतो, होतं. मग बॉल सुटला, आणि तीस वर्षं बॉलच्या मागे पळालेली माझी नजर पळाली, आणि नजरेमागे माझा हात. टायलर नावाचा आमचा पळणारा पोरगा बॉल काखेत धरून फटीतून निघाला, रेषा ओलांडून पलीकडे गेला, त्यानं हात वर केले, पोरं त्याच्यावर कोसळली. मी घसा फुटेपर्यंत ओरडलो. शेजारच्या अनोळखी माणसानं मला मिठी मारली. कॅमेरा सगळा वेळ टायलरवर होता.

चूक ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मी टेप मागे नेऊन त्या छोट्या पडद्यावर पाहिली. सिद्धेश वाकलेला, मग एक हिसका, मग टायलर, टायलर, टायलर. तीन वर्षांच्या टेपांत जो बॉल नव्हता, तो ह्या एका टेपमध्ये होता, आणि पोरगा नव्हता. एवढी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

गर्दीतून वाट काढत वहिनी वर आल्या. हातात फूल, डोळे वाहत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सबबी सांगितल्या नाहीत. त्यांनी कॅमेऱ्याकडे हात पुढे केला आणि मागे घेतला. तेवढ्यात सिद्धेश, हेल्मेट काखेत, कपाळावर माती, दोन-दोन पायऱ्या चढत आला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं. तो थेट माझ्याकडे आला.

"काका, डिड यू गेट इट?"

मी तोंड उघडलं. पण वहिनी माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"हो, सगळं दिसलं," त्या म्हणाल्या. "तू पहिल्याला सोडलंस. दुसरा आला, तो पिवळ्या मोज्यांचा, तुझ्या दुप्पट. तू खाली गेलास, एकदम खाली, आणि उजवा खांदा लावलास. तो मागे नाही गेला, बाजूला कलला. मग तू पडलास. आणि सगळे तिकडे पळाले तरी तू उठला नाहीस, वर बघत हसत होतास."

"यू सॉ मी लाफिंग?" सिद्धेशनं विचारलं.

"दिसलं की," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्या कपाळावरची माती पदरानं पुसायला लागल्या. तो सतरा वर्षांचा मुलगा सगळ्या शाळेदेखत मान खाली करून उभा राहिला. मी त्यांच्या पाठीमागे कॅमेरा पिशवीत घातला आणि कितीतरी वेळ चेन लावत बसलो.